बिदरीची वेल कोण काढणार?

बीदर गाठा आणि बिदरीच्या, म्हणजे काळ्या धातूत चांदी जडवण्याच्या कलेच्या, एखाद्या कारखान्यात डोकावून पाहा. 16 भाग जस्त आणि 1 भाग तांबं ओतून केलेली सुरई मुळात करडी असते. मोरचुदाचं पाणी चोळून तिला तात्पुरतं काळं करतात, म्हणजे टोकदार सळईने काढलेली वेल उठून दिसते. मग छिन्नीने खाच पाडायची, तीत चांदीची तार ठोकून बसवायची आणि सगळं घासून सपाट करायचं. आता करड्या धातूत चांदी जवळजवळ हरवते. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांची गरम मात्रा बसते आणि काय नवल! धातू काळाभोर होतो, चांदी तशीच लखलखत राहते.

हीच वेल आता एआयला काढायला सांगून पाहा. चित्रं काढणाऱ्या अनेक एआय प्रणालींची शिकवणी विलक्षण असते. कोट्यवधी चित्रांवर ठिपक्यांचा गोंधळ चढवायचा आणि तो पायरीपायरीने कसा उतरवायचा, एवढंच यंत्राला शिकवायचं. मग आपण चार शब्द लिहिले की निव्वळ ठिपक्यांतून ते वेल उकलत जातं. मिनिटभरात डझनभर नमुने तयार!

मग डिझायनरने करायचं काय? निवडायचं, आणि त्याहून जास्त नाकारायचं. त्यासाठी चित्रात न दिसणारं ठाऊक असावं लागतं. दोन खाचा फार जवळ आल्या तर मधली भिंत टिकेल का? सुरईच्या पोटावर वेल किती ताणली जाईल? चांदी किती लागेल? पडद्यावरची रेघ पुसता येते, छिन्नीची पुसता येत नाही.

दुसरं काम सचोटीचं. बिदरीला 2006 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 मध्ये बिदरी कलावंत शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. कलेचं नाव जपलं गेलं, कलावंताचा मान झाला. पण यंत्र ज्या नक्षींवर शिकलं, त्या काढणाऱ्यांचं श्रेय कोण देणार? ते सांभाळणं आता डिझायनरच्याच माथी आलं आहे.

म्हणून तरुण डिझायनरांनो, नमुने यंत्राकडून खुशाल काढून घ्या. पण ग्राहकाला दाखवण्याआधी ते कारागिरापुढे ठेवा, आणि वस्तू विकताना त्याचं नाव तुमच्या नावाआधी लिहा.