तुझ्या हाडातले गवंडी!

जरा जवळ ये, एक गुपित सांगते. आत्ता, या क्षणी, तुझ्या मांडीचं हाड कुणीतरी कुरतडतंय!

अरे, घाबरू नकोस! उंदीर नाही, किडा नाही. ते तुझ्याच शरीरातले कामगार आहेत. त्यांचं कुरतडून झालं की मागोमाग दुसरी टोळी येते आणि तिथं नवंकोरं हाड बांधते. दिवसा, रात्री, अगदी गणिताच्या तासालासुद्धा!

हाड म्हटलं की आपल्याला वाळकं, पांढरं, टणक काहीतरी आठवतं. पण तुझ्या आतलं हाड जिवंत आहे. त्यातून रक्त वाहतं!

घराचा स्लॅब टाकतात तेव्हा काय करतात? आधी लोखंडी सळया बांधतात, मग सिमेंट ओततात. हाडाचंही तसंच. सळयांच्या जागी कोलॅजेन नावाचे चिवट धागे. सिमेंटच्या जागी कॅल्शियम आणि फॉस्फरसचे बारीक बारीक कण.

पटत नाही? घरी कोंबडीचा रस्सा झाला, तर तंगडीचं हाड स्वच्छ धुऊन व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव. दिवसाआड व्हिनेगर बदल. आठवडाभरानं काढून बघ. हाड चक्क वाकतं! व्हिनेगरनं सिमेंट विरघळवलं, उरल्या नुसत्या सळया. (आईला आधी विचार हं. भांडं कोणतं घ्यायचं, हे तर नक्कीच विचार!)

आता कामगारांना भेटू. पाडकाम करणाऱ्या पेशीचं नाव ऑस्टिओक्लास्ट. कितीतरी पेशी एकमेकींत मिसळून ही एक धिप्पाड पेशी तयार होते. ती हाडाला घट्ट चिकटते आणि आम्ल सोडते. हाड विरघळतं, इवलासा खड्डा पडतो. व्हिनेगरनं केलं तेच की! मग येतात ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे आपले गवंडी. ते खड्ड्यात आधी धागे विणतात, मग त्यांत कण भरत जातात. एवढासा खड्डा पाडायला दोन-तीन आठवडे आणि भरायला तीन-चार महिने! पाडणं नेहमीच सोपं असतं म्हणा.

मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. म्हणजे सत्तर वर्षांच्या आजोबांचं बरंचसं हाड आजोबांपेक्षा कितीतरी लहान!

पण खरी गंमत तर पुढेच आहे. बांधता बांधता काही गवंडी स्वतःच भिंतीत चिणले जातात! आणि मरत नाहीत! आता त्यांचं नाव होतं ऑस्टिओसाइट. ते आपल्या चिमुकल्या खोलीत वर्षानुवर्षं राहतात. बारीक बोगद्यांतून हात लांबवून शेजाऱ्याचा हात धरून असतात. आणि करतात काय? पहारा!

हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात कुरुंदा नावाचं गाव आहे. तिथं टोकाईचा गड आहे. समज, तिथली मुलं हा गड पळत चढली. पावलागणिक मांडीच्या हाडावर दाब येतो. बोगद्यांतला द्रव हलतो. आतल्या पहारेकऱ्यांना लगेच कळतं, इथं भार पडतोय! निरोप सुटतो : गवंडी पाठवा!

म्हणूनच लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. आणि अंतराळवीरांचं उलटं! तिथं तरंगायचं, पायांवर भारच नाही. पहारेकरी म्हणतात, एवढं हाड कशाला हवं? कंबरेचं हाड महिन्याला एक टक्क्याहून जास्त झिजू शकतं. म्हणून बिचारे तिथंही रोज दोनेक तास व्यायाम करतात.

आणि हात मोडला तर? आजी लगेच हळदीचं दूध देणार. वसमतच्या हळदीचं नाव तर दूरवर आहे! पण माझं ऐकशील तर पेल्यातला खरा माल दुधात आहे. कॅल्शियम तिथून मिळतं. तिळाच्या लाडवातूनही मिळतं. आणि ते पोटातून नीट रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागतं, ते ऊन अंगावर घेतलं की त्वचेतच तयार होतं.

मोडलेल्या जागी आधी रक्ताची गुठळी होते. मग तिथं मऊ कूर्चा येते. तुझ्या कानाचा वरचा भाग चिमटीत धरून बघ, तशी लवचीक! तिच्या जागी हळूहळू कडक हाड येतं. पण गवंडी घाईत असतात, मोडलेल्या जागेभोवती भलताच फुगवटा करून ठेवतात. प्लास्टर निघाल्यावर तो हाताला लागतोसुद्धा.

तेव्हा पुन्हा कुणाला बोलवायचं? पाडकामवाल्यांना! ते महिनोन् महिने जादाचं हाड खरवडत राहतात. लहान मुलांमध्ये तर हे काम इतकं सफाईनं होतं, की काही वर्षांनी एक्स-रे काढला तर हाड नेमकं कुठं मोडलं होतं, ते पुष्कळदा डॉक्टरांनाही सापडत नाही!