घूर्णवाती वादळ

घूर्णवाती वादळ : गर्जन्मेघाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला, अतिवेगाने फिरणारा हवेचा अरुंद स्तंभ. यास टॉर्नेडो असेही म्हणतात. उन्हाळ्यात मोकळ्या रानात उठणारी वावटळ याहून वेगळी; तिला मेघाची आवश्यकता नसते.

मार्च ते मे या काळात वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला व लगतच्या जिल्ह्यांत, बंगालच्या उपसागरावरील आर्द्र हवा वायव्येकडील कोरड्या हवेस मिळते आणि दुपारनंतर उंच गर्जन्मेघ तयार होतात. त्यांतील पाऊस खालच्या कोरड्या हवेतून पडताना काही अंशी बाष्परूप होतो. त्यामुळे थंड व जड झालेली हवा खाली कोसळून जमिनीलगत पसरते. हा चंडवात होय. ९ एप्रिल २०२३ रोजी रात्री अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात कडुनिंबाचा जुना वृक्ष मंदिराच्या आवारातील पत्र्याच्या शेडवर कोसळून ७ जण मृत्युमुखी पडले.

घूर्णवातास याहून अधिक काही लागते. उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा झपाट्याने बदलत असल्यास हवा आडव्या अक्षाभोवती फिरू लागते. मेघातील ऊर्ध्वप्रवाह हा अक्ष उभा करतो. हा भोवरा ताणला जाऊन अरुंद होताच त्याची गती वाढते. वऱ्हाडात मे महिन्यात उंचावरील प्रबळ पश्चिमी वारे उत्तरेकडे सरकलेले असतात. म्हणून येथे चंडवात वारंवार होतात, घूर्णवात मात्र विरळा. बांगलादेशात परिस्थिती अधिक अनुकूल असते. तेथे २६ एप्रिल १९८९ च्या घूर्णवातात सु. १,३०० माणसे दगावली. १७ मार्च १९७८ रोजी दिल्ली विद्यापीठाच्या परिसरासही घूर्णवाताचा तडाखा बसला होता.

घूर्णवाताच्या मार्गात वेगमापक क्वचितच सापडतो, आणि सापडला तरी टिकतोच असे नाही. म्हणून शिकागो विद्यापीठातील टी. टी. फुजिता यांनी १९७१ मध्ये हानीवरून वेग अनुमानणारी श्रेणी मांडली. अमेरिकेत २००७ पासून तिचे सुधारित रूप वापरतात : ईएफ ० चा आरंभ ताशी सु. १०५ किमी. वेगापासून होतो, तर ईएफ ५ मध्ये वेग ३२२ किमी. हून अधिक असतो. इमारतीची बांधणी येथे महत्त्वाची. मातीचे घर कमी वेगातही पडते, त्यावरून श्रेणी ठरविल्यास ती फुगते.

चंडवात की घूर्णवात, हे बहुधा झाडेच सांगतात. एकाच दिशेस किंवा पंख्यासारखी पसरून पडलेली झाडे चंडवात दर्शवितात. अरुंद पट्ट्यात आत वळून एकमेकांवर आडवी पडलेली झाडे घूर्णवात. वरूड-मोर्शीकडील संत्र्याच्या बागांत हा पुरावा स्पष्ट उमटू शकतो, परंतु पंचनामा होतो तो पिकाच्या हानीचा, आणि त्यानंतर झाडे तोडून बाग मोकळी केली जाते.