रेघ एकाची, चित्र दुसऱ्याचे : पालक व पाल्य यांचे सहचित्रण

पालक व पाल्य एका कागदावर चित्र काढायला बसले, की थोड्याच वेळात पालकाचा शिक्षक होतो. ‘हात एवढा लांब असतो का?’ असे म्हणून तो पेन्सिल स्वतःकडे घेतो. चित्र सुधारते, संवाद मात्र तेथेच थांबतो.

कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ (१९४७) या ग्रंथात मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. साधारण दोन ते चार वर्षांपर्यंत गिरगोट्या, त्यानंतर डोके आणि पाय एवढीच असलेली माणसे. या वयातील मूल डोळ्यांना दिसणारे प्रमाण पाळत नाही. त्याला जे महत्त्वाचे वाटते ते मोठे होते. चेंडू फेकणारा हात लांब होतो तो म्हणूनच. तो हात आखूड करणारा पालक मुलाचा अनुभवच नाकारत असतो. नुसते ‘वा, छान’ म्हणणेही फारसे वेगळे नाही. तेही गुण देणेच होय.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट (१८९६-१९७१) यांचा रेघोट्यांचा खेळ येथे उपयोगी पडतो. उपचारांसाठी आलेल्या मुलासमोर ते डोळे मिटून एक वेडीवाकडी रेघ ओढत. मुलाने तिचे काहीतरी करायचे. मग मुलाची रेघ आणि विनिकॉट यांचे चित्र, असे आळीपाळीने चाले. कागद ते मुद्दाम अर्धा फाडून घेत. फार महत्त्वाचे काही चालले आहे असे मुलाला वाटू नये, हा उद्देश. मुळात वेडीवाकडीच असलेली रेघ चुकणार कशी? शिवाय मोठ्यांचे कसबही येथे फारसे कामी येत नाही. आपल्या रेघेचे समोरच्याने काय केले, ही उत्सुकता दोघांनाही सारखीच असते.

विनिकॉट यांचा हेतू चिकित्सेचा होता. पालकाने तो उचलू नये. मुलाने साप काढला म्हणून त्याचा अर्थ लावत बसणे चुका काढण्याइतकेच घातक ठरते. ‘याची गोष्ट सांग’ एवढे पुरे.

बालवाडी शिक्षिकांचा वर्ग घेणाऱ्या किंवा स्वतः पालक असलेले विद्यार्थी शिकवणाऱ्या अध्यापकांनी हा खेळ प्रथम वर्गातच जोडीने खेळून घ्यावा. ‘मला चित्र येत नाही’ ही तक्रार हमखास येईल; असे म्हणणाऱ्यांपासूनच सुरुवात करावी. साहित्य म्हणून पाठकोरे कागद आणि दोन पेन्सिली चालतील. खोडरबर मात्र ठेवू नये.