पैसा हंगामापुरता, बांध पिढीभराचा

उमरग्याहून हैदराबादच्या वाटेने कर्नाटकात शिरले की बसवकल्याण तालुक्यातले राजेश्वर लागते. हे होबळीचे, म्हणजे महसुली मंडळाचे, गाव. मृगाच्या तोंडावर बीदर जिल्ह्यातल्या अशा प्रत्येक होबळीत रयत संपर्क केंद्रापुढे सवलतीच्या सोयाबीन बियाण्यासाठी रांग लागते. आधार, पहाणी (जमिनीचा उतारा) आणि एफआयडी (शेतकरी ओळख) क्रमांक जवळ नसतील तर रांगेत उभे राहूनही पिशवी मिळत नाही. बियाणे, पीकविमा, नुकसानभरपाई, शेततळे या सगळ्यांची वाट याच कागदांवरून जाते. म्हणून सरकारी मदत नेमकी कशी येते आणि तिच्यातले काय टिकते, हे सीमाभागातल्या प्रत्येक शेतकऱ्याने नीट समजून घ्यायला हवे.

खात्यात येणारा पैसा

पहिला प्रकार रोख मदतीचा. पीएम-किसान योजनेतून वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत येतात. जमीन 1 फेब्रुवारी 2019 च्या आधीपासून नावावर असावी लागते. त्यानंतर विकत घेतलेली किंवा वाटणीने आलेली जमीन धरली जात नाही. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीला मात्र सूट आहे. कर्नाटकाने 2019 मध्ये या रकमेत आपले 4,000 रुपये घातले, ते पुढे बंद झाले. महाराष्ट्राने 2023 मध्ये ‘नमो शेतकरी’तून 6,000 रुपये सुरू केले. एकाच शिवाराच्या दोन बाजूंना, एकच पीक घेणाऱ्या दोन भावांच्या हाती वेगळी रक्कम पडते. राज्याची मदत राज्याच्या तिजोरीवर आणि सत्तेतल्या पक्षावर अवलंबून असते, म्हणून तिच्या भरवशावर वर्षाचे गणित मांडू नये.

पीकविम्यातही हेच घडले. पंतप्रधान पीकविमा योजनेत शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी व बागायती पिकांना 5 टक्के. महाराष्ट्राने 2023 मध्ये तो एक रुपयावर आणला आणि 2025 च्या खरिपात ती सवलत काढून घेतली. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच. मुख्य पिकांची भरपाई एकट्याच्या शेतावरून ठरत नाही, ती ठरवून दिलेल्या विमा क्षेत्रातल्या पीक कापणी प्रयोगांवरून ठरते. गारपीट, शेतात पाणी साचणे किंवा कापून पसरलेल्या पिकावर पाऊस पडणे, अशा वेळी 72 तासांत कळवले तरच वैयक्तिक पाहणी होते. कर्नाटकात पीक समीक्षेत, म्हणजे सरकारी पीक पाहणीत, तूर आणि विम्यात सोयाबीन अशी नोंद निघाली, तर दावा अडकतो.

2025 च्या पावसाळ्यात बीदर, कलबुर्गी, यादगीर आणि विजयपुरा जिल्ह्यांत उभी पिके पाण्याखाली गेली. कोरडवाहू पिकाला केंद्राच्या निकषाने हेक्टरी 8,500 रुपये मिळतात. राज्याने तेवढेच आणखी देण्याचे जाहीर केल्यामुळे रक्कम 17,000 झाली, तीही दोन हेक्टरांपर्यंतच. एकरी हिशेब सात हजारांच्या आत बसतो. बियाणे, खत, फवारणी आणि मळणीचा खर्च ज्याने केला आहे, त्याला याने आधार मिळतो, पण त्याचा हंगाम भरून निघत नाही.

मातीत मुरणारा पैसा

दुसरा प्रकार माती आणि पाणी अडवण्याचा. त्याची चर्चा कमी होते आणि तोच जास्त मोलाचा आहे. कर्नाटकाने 2014 मध्ये ‘कृषी भाग्य’ योजना आणली. तिच्यात बांधबंदिस्ती, शेततळे, तळाला प्लॅस्टिकचा कागद, पाणी उपसायला पंप, तुषार किंवा ठिबक संच आणि तळ्याभोवती कुंपण, असे सगळे एकत्र येते. शेततळ्यासाठी सर्वसाधारण शेतकऱ्याला 80 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला 90 टक्के अनुदान ठेवले गेले. मधली काही वर्षे योजना थंडावली होती, 2023-24 मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

एका तळ्याचा हिशेब पाहू. 15 मीटर लांब, 15 मीटर रुंद, 3 मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार असेल, तर त्यात सुमारे 4 लाख 40 हजार लिटर पाणी मावते. दोन एकर तुरीला पाच सेंटिमीटरचे एक पाणी त्यातून निघते. बीदर-कलबुर्गी पट्ट्यात परतीचा पाऊस ऑक्टोबरात थांबतो आणि तूर त्यानंतर फुलोऱ्यात येते, शेंगा धरते. नेमक्या त्या वेळचे हे एक पाणी शेंगा भरवते. मात्र पाणी आत येते तिथे गाळ अडवणारा छोटा खड्डा नसेल तर दोन-चार पावसाळ्यांत तळे गाळाने भरते. कुंपण नसेल तर तळे जीवघेणे ठरते. तळे घेणाऱ्याने या दोन गोष्टी स्वतः उभे राहून करून घ्याव्यात.

जागतिक बँकेच्या साहाय्याने कर्नाटकात झालेल्या सुजला प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात बीदर आणि कलबुर्गी दोन्ही जिल्हे होते. त्यात पाणलोटानुसार जमिनीची खोली, उतार आणि कस तपासून शेतकऱ्यांसाठी पत्रिका तयार केल्या गेल्या. आपल्या सर्वे नंबरची अशी पत्रिका आहे का, हे कृषी खात्यात विचारावे. खडकाळ, उथळ रानात तळे खणायचे की बांध घालून झाडे लावायची, याचे उत्तर तिच्यातून मिळते.

अडते कुठे

बहुतेकांचे काम अडते ते नावावर. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली तरी पहाणीवर त्यांचेच नाव असते. मराठी नाव पहाणीत कन्नडमधून एका तऱ्हेने उतरते, आधारवर इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेने आणि बँकेत तिसऱ्याच. मग नावे जुळत नाहीत, एफआयडी अपुरा राहतो आणि पैसा मंजूर होऊनही खात्यात येत नाही. अर्ज कन्नडमध्ये असल्याने मराठी वाचणारा म्हातारा शेतकरी मध्यस्थाच्या हाती जातो. पंचायतीने आणि शिकलेल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यायला हवे.

उन्हाळ्यात कामे थोडी कमी असतात. तेव्हाच नाडकचेरीत (होबळीच्या महसूल कार्यालयात) वारसाचा फेरफार करून घ्या, आधार आणि बँकेतले नाव जुळवा, सगळे सर्वे नंबर एफआयडीत चढले आहेत का ते पाहा. पेरणीनंतर पीक समीक्षेतली आपली नोंद तपासा. आणि रयत संपर्क केंद्रात बियाण्याची पिशवी मागाल तेव्हा शेततळ्याचा आणि बांधाचा अर्जही मागून घ्या.