ब्लड पायथन खरंच चिडका असतो का? आणि तो जालन्यातल्या घरात पाळता येईल का?

कुंडलिका नदीमुळे जालना शहराचे दोन भाग पडलेत. एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर नवीन जालना. पावसाळ्यात जुन्या जालन्यातल्या एखाद्या दगडी भिंतीच्या घरात साप निघाला की आजही दोनच गोष्टी होतात. कुणीतरी काठी शोधतं आणि कुणीतरी सर्पमित्राचा नंबर.

पण त्याच घरातल्या कॉलेजच्या पोराच्या मोबाइलवर वेगळंच चित्र असतं. परदेशातला कुणी तरुण सोफ्यावर बसलाय. त्याच्या मांडीवर विटकरी लाल रंगाचा, आखूड पण चांगलाच जाडजूड साप आहे आणि तो आरामात त्याच्या पाठीवरून हात फिरवतोय. हा साप म्हणजे ब्लड पायथन. रील बघून दोन प्रश्न पडतात. हा इतका शांत कसा? आणि आपल्याला पाळता येईल का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं समजून घ्यायला हवीत. कारण इथे चूक झाली तर एका बाजूला कायद्याचा बडगा आहे आणि दुसऱ्या बाजूला थेट जिवाशी गाठ आहे.

ब्लड पायथन म्हणजे नेमका कोण?

हा अजगरांच्या कुळातला बिनविषारी साप आहे. थायलंडचा दक्षिण भाग, मलेशिया आणि इंडोनेशियातलं सुमात्रा बेट हे त्याचं घर. सुमात्रा आणि बोर्निओमध्ये त्याचे अगदी जवळचे भाऊबंद राहतात. पूर्वी या सगळ्यांना एकाच जातीत धरलं जायचं, आता त्या वेगवेगळ्या जाती मानल्या जातात. अंगावरच्या लाल रंगामुळे याला 'ब्लड' हे नाव पडलं. अर्थात सगळेच लाल नसतात, काही तपकिरी आणि पिवळसरही असतात.

आपल्याकडचा अजगर लांबीसाठी ओळखला जातो. ब्लड पायथनचं तसं नाही. तो साधारण सव्वा ते पावणेदोन मीटरचा असतो, पण अंगाने भरलेला आणि शेपटीने एकदम आखूड. दलदल, ओढ्याकाठची ओली जमीन आणि पाम तेलाच्या बागा इथे तो पालापाचोळ्यात दडून बसतो. उंदीर-घुशी जवळ आल्या की झडप घालतो आणि विळखा आवळून त्यांना मारतो. भक्ष्यामागे धावणं त्याच्या स्वभावात नाही. दिवसच्या दिवस एका जागी पडून राहणं हीच त्याची जगायची पद्धत आहे.

'चिडका साप' ही ओळख कुठून आली?

साप पाळणाऱ्यांमध्ये ब्लड पायथनची बरीच वर्षं बदनामी होती. हा चावतो, फुत्कारतो, कधीच माणसाळत नाही, असं सांगितलं जायचं. ते पूर्ण खोटं नव्हतं, पण त्यामागचं कारण वेगळं होतं.

पूर्वी परदेशी बाजारात येणारे बरेचसे ब्लड पायथन जंगलातून पकडलेले असायचे. मोठे झालेले साप पोत्यांत, पेट्यांत कोंबून हजारो किलोमीटर लांब पाठवले जायचे. पोहोचेपर्यंत अंगातलं पाणी कमी झालेलं, शरीरात जंत, अंगावर जखमा. अशा अवस्थेतला प्राणी हात पुढे आला की चावणारच. लोकांनी ती भीती पाहिली आणि तिला स्वभाव म्हटलं.

पुढे माणसाच्या देखरेखीखाली अंड्यातून निघालेली पिल्लं मिळू लागली आणि चित्र बदललं. ही पिल्लं लहानपणी चावरी असू शकतात, कारण हाताएवढ्या पिल्लाला माणूस म्हणजे शिकारीच वाटतो. पण नियमित आणि शांतपणे हाताळलेले साप मोठेपणी बरेच निवांत होतात. रीलमध्ये मांडीवर बसलेला साप हा असा वाढलेला असतो.

शरीराची ठेवणही लक्षात घ्यायला हवी. धामण धोका दिसला की क्षणात पसार होते. ब्लड पायथनला एवढं जड अंग घेऊन पळता येत नाही. मग तो जागेवरच बसून घाबरवायचा प्रयत्न करतो. अंग फुगवतो, जोरात फुस्स करतो, झटका देतो. यातला बराचसा भाग 'दूर हो' एवढं सांगण्यापुरता असतो.

साप माणसाळतो म्हणजे काय होतं?

कुत्रा मालकाला ओळखतो, त्याची वाट बघतो. सापाकडून ही अपेक्षा ठेवणं चूक आहे. साप माणसाला सरावतो, म्हणजे या हातापासून धोका नाही एवढं त्याला कळतं. रीलमध्ये जे प्रेम दिसतं तो प्रत्यक्षात भीतीचा अभाव असतो.

साप विनाकारण माणसावर धावून येत नाही, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिलंय. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते. पुढे १९८६ मध्ये त्यांच्याच पुढाकारातून कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. डिवचलं नाही तर साप चावत नाही, हा त्या प्रयोगाचा धडा होता. साप हातात घेऊन मिरवावा, असा नव्हे.

जाणकार हा साप कसा हाताळतात?

ज्या देशांत हा साप कायदेशीरपणे पाळला जातो तिथले अनुभवी लोक काही गोष्टी कटाक्षाने पाळतात.

नवीन साप आणला की पहिला आठवडा-दोन आठवडे त्याला हात लावत नाहीत. आधी त्याने खाल्लं पाहिजे, जागा ओळखीची झाली पाहिजे.

उचलताना हात वरून नेत नाहीत. जंगलात वरून येतो तो शिकारी पक्षी. त्यामुळे हात बाजूने आणि सावकाश जातो. डोक्याला स्पर्श टाळला जातो.

एका हाताने कधीच उचलत नाहीत. साप जड असतो, अंगाखाली दोन्ही हातांचा आधार नसेल तर त्याला पडण्याची भीती वाटते आणि तो झटके देतो. आधार मिळाला की बहुतेक वेळा तो शांत होतो.

खाऊ घातल्यानंतर किमान दोन दिवस त्याला हाताळत नाहीत, नाहीतर तो खाल्लेलं उलटून टाकू शकतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात. तेव्हा त्याला नीट दिसत नाही, म्हणून त्या दिवसांतही हात लावत नाहीत.

हाताला उंदराचा वास असेल तर हात म्हणजेच भक्ष्य. या अजगरांच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे अंधारातही गरम हात त्यांना कळतो. बरेच चावे रागातून होत नाहीत, ते अशा गैरसमजातून होतात.

मानेचा इंग्रजी 'एस'सारखा आकार, फुगलेलं अंग आणि लांब फुत्कार दिसला की त्या दिवशी विषय तिथेच संपतो. चावलाच तर हात हिसकायचा नसतो. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढलं की जखम वाढते आणि सापाचे दातही तुटतात. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

जालन्याच्या हवेत तो टिकेल का?

ब्लड पायथन दमट प्रदेशातला प्राणी आहे. त्याला साधारण २६ ते ३० अंश तापमान आणि हवेत भरपूर ओलावा लागतो. ३३ अंशांच्या पुढचं तापमान त्याला सोसत नाही.

आता जालन्याचा मे महिना आठवा. पारा चाळिशीच्या पार, हवा कोरडी ठणठणीत, दुपारी गेलेली लाइट कधी येईल याचा भरवसा नाही. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गल्लीत सापासाठी चोवीस तास गारवा आणि ओलावा राखायचा कसा? कोरड्या हवेत त्याची कात तुकड्या-तुकड्याने निघते, डोळ्यांवर आणि शेपटीच्या टोकाला अडकते. तापमान आणि ओलाव्याचं गणित बिघडलं की श्वसनाचे आजारही होतात. आणि त्रासलेला साप चिडका होतो. म्हणजे ज्या स्वभावावर भाळून तो आणायचा, तोच आधी जातो.

कायदा काय म्हणतो?

सगळ्यात आधी आपला अजगर. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडणं, घरात ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबत ३ ते ७ वर्षांचा तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपयांचा दंड होऊ शकतो. मांडूळ सापालाही संरक्षण आहे. तो घरात ठेवला की गुप्तधन मिळतं या अंधश्रद्धेपायी महाराष्ट्रात त्याची तस्करी होते आणि लोक पैसा व अब्रू दोन्ही घालवून बसतात.

ब्लड पायथन भारतात आढळत नाही. पण त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारानुसार नियंत्रण आहे. २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. तेव्हापासून अशा परदेशी प्राण्यांनाही कायद्यात वेगळी अनुसूची आहे. २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याला केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवरून नोंदणी करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला तरी कळवावं लागतं. परदेशातून आणायचा तर आयातीचे परवाने वेगळे.

म्हणून 'कागदपत्रांची गरज नाही, घरपोच देतो' असं कुणी म्हणत असेल तर माल चोरवाटेने आलेला आहे असं समजायला हरकत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत लपवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. महसूल गुप्तचर संचालनालयाने ते जप्त केले. एक साप जिवंत पोहोचवण्यासाठी वाटेत किती मेले असतील, हे रीलमध्ये दिसत नाही.

खरा धोका: घोणस

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा अजून बाकी आहे. आखूड, जाडजूड, अंगावर ठिपके आणि जवळ गेलं की जोराचा फुत्कार. हे वर्णन ब्लड पायथनचं आहे. पण ते जालन्याच्या शेतात निघणाऱ्या घोणसलाही लागू पडतं.

घोणस हा महाराष्ट्रातल्या चार प्रमुख विषारी सापांपैकी एक. नाग, मण्यार आणि फुरसं हे बाकीचे तीन. अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात घेण्याची चूक लोकांकडून वारंवार होते. मोबाइलवर रोज अजगर कुरवाळणारे हात पाहिले की हीच चूक आणखी सोपी होते.

फरक असा ओळखतात: घोणसच्या अंगावर साखळीसारख्या, एका ओळीत नेटक्या बसलेल्या गडद अंडाकृती खुणांच्या तीन रांगा असतात. अजगराच्या अंगावरचे डाग मोठे, वेडेवाकडे आणि एकमेकांत मिसळलेले असतात. घोणसचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा लांबत जातो. पण हा फरक लांबूनच पाहण्यासाठी आहे. जवळ जाऊन खात्री करण्यासाठी नाही.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक मेले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडला गेला. यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले होते. विंचूदंश आणि सर्पदंशावरच्या उपचारांसाठी आयुष्य वेचणारे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्याच देहेड गावचे. दंश झाला तर मांत्रिक नको, चिरे देणं नको, घट्ट आवळून बांधणं नको. चावा घेतलेला अवयव न हलवता लगेच रुग्णालय, आणि गाडी नसेल तर १०८.

मग साप आवडत असतील तर?

आवड वाईट नाही. ती पिंजऱ्यात कोंबायची गरज नाही, एवढंच. परिसरातल्या सापांची ओळख करून घेता येते, सर्पोद्यान बघता येतं, प्रशिक्षित सर्पमित्रांकडून शिकता येतं. घरात साप निघाला तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

ब्लड पायथन चिडका आहे का, याचं उत्तर शेवटी त्याला कसं वाढवलं, कुठे ठेवलं आणि कुणी हाताळलं यावर ठरतं. सुमात्राच्या दलदलीतल्या प्राण्याला जालन्याच्या उन्हात आणून त्याच्याकडून शांतपणाची अपेक्षा ठेवता येत नाही. आणि कुंडलिकेच्या काठावर पावसाळ्यात जाडजूड, ठिपक्यांचा साप दिसला, तर रील आठवू नका. चार पावलं मागे व्हा आणि फोन लावा.