रत्नपारख्यांची पारख : अमेरिकी फुटबॉलच्या ‘ड्राफ्ट’ची भाकिते

अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन, प्रतिस्पर्ध्यांची फळी फोडत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेण्याचा, अंगाला अंग भिडवणारा खेळ. उरलेले जग ज्याला फुटबॉल म्हणते त्याला तिथे ‘सॉकर’ असे वेगळे नाव आहे. या खेळाची सर्वोच्च व्यावसायिक संघटना असलेल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजेच एनएफएलमध्ये, ३२ संघ असून त्यांच्याकडे येणारे बहुतेक नवे खेळाडू विद्यापीठांच्या संघांतून घडून येतात. दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस तीन दिवस चालणाऱ्या ‘ड्राफ्ट’ नावाच्या निवडप्रक्रियेत हे खेळाडू संघांमध्ये वाटले जातात, आणि कोणता खेळाडू कितव्या क्रमांकावर कोणत्या संघाकडे जाईल याचे भाकीत करणे हा गेल्या चार दशकांत तिथे एक स्वतंत्र व्यवसाय, अभ्यासविषय आणि काही राज्यांत कायदेशीर सट्ट्याचा प्रकारही होऊन बसला आहे. या भाकितांचा इतिहास तपासला, तर त्यांत दोन निरनिराळे प्रश्न सतत एकमेकांत मिसळलेले दिसतात : खेळाडू पुढे कसा खेळेल हा एक, आणि संघांना तो आज कसा वाटतो हा दुसरा. पहिल्याचे उत्तर खेळाडूत शोधावे लागते, दुसऱ्याचे त्याला निवडणाऱ्यांच्या डोक्यात.

भारतीय वाचकाला परिचित असलेल्या आयपीएलच्या लिलावाहून ड्राफ्टची रीत वेगळी आहे. येथे बोली लागत नाही. संघ आळीपाळीने एकेक नाव घेतात, आणि आदल्या हंगामात सर्वांत खराब कामगिरी केलेल्या संघाची पाळी पहिली, तर विजेत्याची शेवटची असते. अशा ७ फेऱ्या होतात. सोडून गेलेल्या खेळाडूंची भरपाई म्हणून काही संघांना जादा पाळ्या मिळत असल्यामुळे २०२५ साली एकूण २५७ नावे घेतली गेली. शालेय शिक्षण संपून किमान तीन वर्षे झाल्याशिवाय कोणालाही ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही, आणि ज्या संघाने नाव घेतले त्याच्याशीच खेळाडूला करार करावा लागतो. संघांना आपल्या पाळ्यांची आपसांत अदलाबदल करण्याची मुभा असते, आणि भाकीत करणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी याच मुभेतून उद्भवते.

फळ्यावरची ९० नावे

या पद्धतीचे जनक बर्ट बेल हे फिलाडेल्फिया ईगल्स या तेव्हाच्या दुबळ्या संघाचे मालक होते. श्रीमंत आणि विजयी संघांकडेच चांगले खेळाडू जातात, त्यामुळे ते अधिक विजयी होतात आणि दुबळे संघ दुबळेच राहतात, हे दुष्टचक्र मोडण्यासाठी त्यांनी १९३५ साली ही कल्पना मांडली. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट भरला, तेव्हा खोलीतल्या फळ्यावर ९० नावे लिहिलेली होती आणि ९ संघांनी ९ फेऱ्यांत त्यांतील ८१ निवडली. कोणत्याही संघाकडे पारख करणारा स्वतंत्र विभाग नव्हता. वर्तमानपत्रांतील वृत्तांत, ओळखीच्या प्रशिक्षकांचा शब्द आणि ऐकीव कीर्ती एवढ्यावरच निर्णय झाले. पहिले नाव शिकागो विद्यापीठाच्या जे बरवॅंगर याचे निघाले, जो सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूला मिळणाऱ्या आणि पुढे ‘हाइजमन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या करंडकाचा पहिलाच मानकरी होता. व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना तो खेळला नाही. त्याने दुसराच व्यवसाय पत्करला. निवड अचूक आणि फलप्राप्ती शून्य, असे हे पहिलेच उदाहरण.

विशेषणांचे आकडे

पारख करण्याच्या कामाला शास्त्राचे रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९६०च्या दशकात डॅलस काउबॉइज या नव्या संघाने केला, आणि त्याचा एक धागा भारतापर्यंत येतो. संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी १९६०च्या हिवाळी ऑलिंपिकच्या प्रक्षेपणाचे काम पाहताना आयबीएमच्या संगणकांनी निकाल कसे झरझर तयार केले हे जवळून पाहिले होते. खेळाडूंच्या निवडीसाठी तशीच यंत्रणा उभी करण्याचे काम आयबीएमच्या एका उपकंपनीतील सलाम कुरेशी या संख्याशास्त्रज्ञाकडे आले. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेल्या कुरेशी यांना क्रिकेट ठाऊक होते, अमेरिकी फुटबॉल मुळीच नव्हता, आणि हेच अज्ञान उपयोगी पडले. ‘झुंजार’, ‘चपळ’, ‘मनाचा पक्का’ असे शब्द प्रशिक्षक वापरत. त्यांतून प्रत्येकाला नेमके काय म्हणायचे आहे हे बाहेरच्या माणसालाच विचारावे लागते. श्रॅम आणि मुख्य शोधाधिकारी गिल ब्रँट यांच्यासह त्यांनी चपळाई व शरीरावरील ताबा, ताकद व स्फोटकता, स्पर्धावृत्ती, चारित्र्य आणि बौद्धिक तत्परता असे पाच गुण निश्चित केले आणि विशेषणांचे आकड्यांत रूपांतर केले.

काउबॉइजची १९६४ची निवड आजही आदर्श म्हणून सांगितली जाते. दुसऱ्या फेरीत मेल रेन्फ्रो, सातव्या फेरीत त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणारा धावपटू बॉब हेज आणि दहाव्या फेरीत रॉजर स्टॉबॅक अशी नावे त्यांनी घेतली. स्टॉबॅक हा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चढाईची सूत्रे हाती घेऊन चेंडू फेकणारा खेळाडू. पण नौदल अकादमीचा विद्यार्थी म्हणून सेवेला बांधलेला असल्यामुळे तो १९६९पर्यंत मैदानात उतरणार नव्हता. इतर संघांना वाट पाहणे परवडत नव्हते, काउबॉइजनी पाहिली. तिघेही पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात दाखल झाले.

घड्याळाची कसोटी

आज पारखीचे मुख्य व्यासपीठ म्हणजे ‘कंबाइन’. १९८७पासून हा चाचणी मेळावा इंडियानापोलिस शहरात भरतो. तीनशेहून अधिक खेळाडूंची उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी मोजली जाते, डॉक्टर जुन्या दुखापती तपासतात, संघांचे अधिकारी मुलाखती घेतात आणि १०२ किलोंचा भार छातीवरून किती वेळा उचलता येतो हे मोजले जाते. सर्वांचे लक्ष मात्र ४० यार्डांच्या, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरच्या धावेवर असते. हे अंतर रूढ करण्याचे श्रेय प्रशिक्षक पॉल ब्राऊन यांना दिले जाते : लाथाडलेला चेंडू सामान्यतः जितका लांब पडतो तितके ते असते. खेळाडू एक हात रेषेवर टेकून वाकतो. त्याचा हात हलताच माणूस हाताने घड्याळ सुरू करतो, आणि शेवटच्या रेषेवर ते विद्युत यंत्रणेने थांबते. पहिल्या १० यार्डांची वेळही वेगळी नोंदवली जाते, कारण भारदस्त फळीरक्षकाला सामन्यात त्याहून लांब क्वचितच धावावे लागते. २०२४ साली झेव्हियर वर्दी याने हे अंतर ४.२१ सेकंदांत कापून विक्रम केला आणि पहिल्याच फेरीत त्याचे नाव लागले.

या मोजमापांचा आणि पुढच्या कामगिरीचा संबंध किती, याची उत्तरे संघांना सुखावणारी नाहीत. फ्रँक कुझमिट्स आणि आर्थर अ‍ॅडम्स यांच्या २००८च्या अभ्यासात धावेची वेळ आणि चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूंचे यश यांच्यात काही संबंध आढळला. एरवी चाचण्या आणि व्यावसायिक यश यांच्यात सातत्यपूर्ण नाते सापडले नाही. टॉम ब्रॅडी हे याचे ठळक उदाहरण. २००० साली त्याने ४० यार्डांना ५.२८ सेकंद घेतले, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले, सहाव्या फेरीत १९९व्या क्रमांकावर त्याचे नाव आले, आणि नंतर अंतिम विजेतेपदाचा सामना, म्हणजे सुपर बोल, त्याने सात वेळा जिंकला.

केड मॅसी आणि पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात याच प्रश्नाला बाजाराच्या बाजूने हात घातला. एकाच जागी खेळणाऱ्या, लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता त्यांना ५२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जेमतेम अधिक आढळली. तरीही वरच्या पाळ्यांसाठी संघ अवाच्या सवा किंमत देतात. १९९०च्या दशकारंभी काउबॉइजमध्ये तयार झालेल्या आणि नंतर साऱ्या लीगभर पसरलेल्या मूल्यतक्त्यात पहिल्या पाळीला ३००० गुण होते, दुसरीला २६०० आणि ३२वीला केवळ ५९०. हा उतार खेळाडूंच्या गुणवत्तेतील फरकापेक्षा कितीतरी तीव्र आहे. तो निवडणाऱ्यांचा आत्मविश्वास दाखवतो.

दुसऱ्याच्या मनातले ओळखणे

पारख इतकी बेभरवशाची असूनही भाकिते काही प्रमाणात खरी ठरतात, याचे कारण त्यांचा विषय निराळा आहे. पहिल्या ड्राफ्टच्या चारच दिवस आधी, ४ फेब्रुवारी १९३६ रोजी, प्रकाशित झालेल्या ग्रंथात अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी शेअरबाजाराची तुलना वर्तमानपत्री सौंदर्यस्पर्धेशी केली होती. त्या स्पर्धेत आपल्याला आवडलेला चेहरा निवडणारा हरतो आणि बहुसंख्यांना कोणता आवडेल हे ओळखणारा जिंकतो. ड्राफ्टचे भाकीत करणाऱ्याचे काम नेमके हेच आहे. खेळाडूबद्दलचे त्याचे स्वतःचे मत कितीही सूक्ष्म असले, तरी निर्णय घेणारे ३२ संघ त्याला काय मानतात एवढेच निकालात मोजले जाते.

हा व्यवसाय रुजवणाऱ्यांत ब्रुकलिनमध्ये बसून चित्रफिती आणि दूरध्वनी यांच्या आधारे लिहिणारे जोएल बुक्सबॉम हे आद्य होत. ईएसपीएन वाहिनीने १९८०पासून ड्राफ्ट दाखवायला सुरुवात केली, १९८४ साली मेल कायपर तिथे आले आणि ‘मॉक ड्राफ्ट’, म्हणजे निवडीची लुटुपुटूची आगाऊ यादी, घरोघरी पोहोचली. आता दर वसंतात अशा याद्यांचे पीक येते. ‘ग्राइंडिंग द मॉक्स’सारखे उपक्रम त्या गोळा करून प्रत्येक खेळाडूचा अपेक्षित क्रमांक काढतात, एकेका जाणत्यापेक्षा अनेकांची सरासरी सहसा बरी ठरते, कारण व्यक्तिगत लहरी परस्परांना छेद देतात.

अशा याद्यांचा ठोकताळा साधा असतो : संघाची गरज कोणती आणि पाळी येईल तेव्हा शिल्लक असलेला उत्तम खेळाडू कोण. मात्र गरज आणि गुणवत्ता यांपैकी कशाला झुकते माप मिळेल हे बाहेरून दिसत नाही. २००८ साली आयपीएलच्या पहिल्या हंगामाआधी १९ वर्षांखालील खेळाडूंचा असाच ड्राफ्ट झाला, तेव्हा फलंदाजी भक्कम असलेल्या दिल्लीने आपल्याच शहरातील विराट कोहलीला सोडून गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला आणि कोहली बंगळुरूकडे गेला. याच्या उलट, २०२४ साली अटलांटा संघाने मार्चमध्ये कर्क कझिन्स या क्वार्टरबॅकशी चार वर्षांचा, १८ कोटी डॉलरपर्यंतचा करार केला होता. त्यांना आता दुसरा क्वार्टरबॅक नको, असे गृहीत धरले गेले, आणि आठव्या क्रमांकावर त्यांनी मायकेल पेनिक्स हा क्वार्टरबॅकच उचलला. अशी एक निवड चुकली की तिच्यामागची सगळी रांग सरकते, कारण जो खेळाडू आठवा जाणार होता तो पुढच्या संघांपुढे अनपेक्षितपणे उभा राहतो. म्हणूनच पहिल्या फेरीतील बहुतांश नावे ओळखता येतात, पण नाव, संघ आणि क्रमांक ही तिन्ही जुळवणे फार थोड्यांना साधते.

खेळाचे अर्थकारण बदलले की भाकिताचे ठोकताळेही बदलावे लागतात. २०१० साली पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला; पुढच्या वर्षी नवोदितांच्या वेतनावर मर्यादा आली आणि त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख डॉलर मिळाले. क्वार्टरबॅकवर लावलेला चुकीचा डाव आता दिवाळे काढत नाही, त्यामुळे संघ तो अधिक धाडसाने लावतात. २०२४च्या पहिल्या १२ नावांत सहा क्वार्टरबॅक होते. जुलै २०२१पासून विद्यापीठीय खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि छबीच्या जाहिरातीतून कमाई करता येऊ लागल्यावर अनेकजण मुदतीआधी ड्राफ्टमध्ये उतरण्याऐवजी विद्यापीठातच थांबू लागले, आणि जुन्या वर्षांच्या आकडेवारीवर बसवलेली गणिते बिघडली.

सरासरीच्या शहाणपणालाही मर्यादा आहे. तिचे बळ सहभागींच्या स्वतंत्र विचारात असते. सगळेच एकमेकांच्या याद्या वाचून लिहू लागले, तर शंभर मते म्हणजे एकाच मताच्या शंभर प्रती होतात. २०२५ साली कोलोरॅडो विद्यापीठाचा क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स, जो विख्यात खेळाडू डिऑन सँडर्स यांचा मुलगा, अनेक याद्यांत पहिल्या फेरीत होता. प्रत्यक्षात दोन दिवस उलटले तरी त्याचे नाव निघाले नाही. पाचव्या फेरीत १४४व्या क्रमांकावर त्याला घेणाऱ्या क्लीव्हलँडने तिसऱ्या फेरीतच डिलन गॅब्रिएल हा दुसरा क्वार्टरबॅक निवडला होता. संघांच्या बंद खोल्यांतील मत आणि बाहेरची कुजबुज यांत किती अंतर पडू शकते, हे त्या तीन दिवसांत उघड झाले.

सबब, भाकीत खरे ठरले म्हणून पारख खरी ठरली असे मानता येत नाही. भाकीतकार आणि संघ यांचे एकमत होऊन दोघेही एकत्र चुकू शकतात. २०२२ साली निवडलेल्या नऊ क्वार्टरबॅकपैकी आयोवा स्टेट विद्यापीठाच्या ब्रॉक पर्डीचे नाव शेवटी आले. तो खाली जाणार हे भाकीतकारांनी ओळखले होते, आणि तो एकूण यादीतील शेवटच्या, म्हणजे २६२व्या क्रमांकावर गेला. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी लास वेगासमध्ये झालेल्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्को संघाचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी होता.