सणाची सुटी कुणाची?



श्रावणी अमावास्येला पोळा येतो. आदल्या संध्याकाळी बैलाची खांदमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि उद्याच्या जेवणाचे आवतण त्याला देतात. पोळ्याला त्याच्या मानेवर जू चढत नाही. झरी जामणीच्या रानात काय, वणी-पांढरकवड्याकडे काय, त्या दिवशी बैल जुंपणारा शेतकरी लोकांना आवडायचा नाही. जो राबतो त्याला सणाच्या दिवशी विसावा, ही आपल्या सणांची जुनी रीत.

आता विचार करा. त्याच बैलाची झूल आणि घुंगरमाळ आपण ज्या दुकानातून आणतो, दिवाळीचे लुगडे आणि पोरांचे कपडे ज्याच्या हातून घेतो, त्या नोकराला विसावा कधी मिळतो?

आपला मुलूख कपाशीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येऊ लागतो आणि हाती पैसा येतो. म्हणून वर्षाचे कापड आणि भांडीकुंडी याच दिवसांत घ्यायची चाल पडली. तिच्यात वावगे काही नाही. बाजार हा सणाचाच सोबती आहे. पण पूर्वी खरेदी सणासाठी होती. आता पुष्कळदा सणच खरेदीसाठी असल्यासारखा वाटतो. दसऱ्याला आपण आपट्याचे पान ‘सोने’ म्हणून देतो, त्याला दमडी लागत नाही. तरी जाहिरात सांगते, आज खरे सोने घ्याच. धनत्रयोदशी ही धन्वंतरीच्या पूजेची. तिला दागिन्यांचा दिवस करून टाकले. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्ट कंपनीने सणाच्या तोंडावर ‘बिग बिलियन डे’ नावाची एका दिवसाची स्वस्त विक्री केली. आज असे सेल दिवसच्या दिवस चालतात आणि गावातल्या दुकानदारालाही त्यांच्याशी टक्कर द्यावी लागते. मग तो काय करतो? दुकान लवकर उघडतो आणि उशिरा बंद करतो.

हे लांबलेले तास कोण भरून काढतो, ते पाहा. एका गिऱ्हाइकापुढे तीस-चाळीस लुगडी उलगडली जातात. पसंत पडते एक. बाकीच्यांच्या घड्या रात्री दार ओढल्यावर घालायच्या. तोवर झरीकडची शेवटची एसटी गेलेली असते.

शिवाय दिवसभर उभे राहायचे. नांगरामागे चालणारा म्हणेल, उभे राहण्यात कसले आले कष्ट? पण शरीराची रचना निराळी आहे. पायात उतरलेले रक्त हृदयाकडे वर चढवायचे असते. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि रक्त पंपासारखे वर ढकलतात. नुसते एका जागी उभे राहिले की हा पंप थंडावतो. रक्त पायात साचते, पाय सुजतात आणि वर्षानुवर्षे असे झाले की शिरा फुगून गाठाळ होतात. म्हणून केरळातल्या कापडदुकानांतील बाया बसायच्या हक्कासाठी झगडल्या. २०१८ मध्ये केरळ सरकारने कायद्यात दुरुस्ती करून नोकरांना बसण्याची सोय देणे दुकानदारांना भाग पाडले. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसेच केले. मागणी केवढी, तर एका स्टुलाची!

आता सुटीचे बघू. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी-कामगारांना संघटित केले. त्यांच्या खटपटीने १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणजे देवाचा दिवस आणि विसाव्याचा दिवस एकच. पुढे दुकानांतल्या नोकरांसाठीही कायदे झाले. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४७ साली आणि मुंबई प्रांतात १९४८ साली. मुंबईच्या कायद्यात दुकान बंद करण्याची वेळ आणि आठवड्यातला बंदचा दिवस ठरवून दिलेला होता.

या बंदच्या वेळेचे मर्म समजून घ्या. एकट्या दुकानदाराने लवकर बंद केले तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाते. म्हणून मनात असूनही तो बंद करीत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी बंद केले, तर कुणाचेच गिऱ्हाईक जात नाही आणि नोकर वेळेवर घरी जातो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवायला मुभा दिली आणि हे कुंपण निघाले. त्याच कायद्यात नोकरांच्या हिताचेही पुष्कळ आहे: आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, आठवड्यातून पूर्ण दिवस सुटी, जादा कामाला दुप्पट मजुरी आणि वर्षात आठ भरपगारी सुट्या. त्यांपैकी चार ठरलेल्या, म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर. उरलेल्या चार सणांच्या सुट्या मालक आणि नोकरांनी आपसांत ठरवायच्या.

पण ग्यानबाची मेख अशी, की या तरतुदी दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानांनाच होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने अध्यादेश काढून ही संख्या वीस केली आणि दिवसाची मर्यादाही नऊ तासांवरून दहा केली. आता सांगा, मुकुटबनला, पाटणला किंवा झरीला वीस नोकर ठेवणारी दुकाने किती? किमान वेतन लहान दुकानदारालाही चुकत नाही. परंतु सणाची सुटी मात्र त्याच्या मर्जीवर आणि तुमच्या-आमच्या वागण्यावर राहिली.

गिऱ्हाइकाच्या वागण्यावरही? होय. अमेरिकेत २८ नोव्हेंबर २००८ रोजी सणानंतरच्या सेलसाठी लोटलेल्या झुंडीने न्यूयॉर्कजवळच्या वॉलमार्टच्या दुकानाचे दार तोडले आणि पायाखाली सापडून तिथला एक कामगार मेला. पुढे दुकाने सणाच्याच दिवशी उघडू लागली. २०२० साली मात्र त्याच वॉलमार्टने थँक्सगिव्हिंगच्या सणाला दुकाने बंद ठेवली आणि पुढच्या वर्षांतही ती रीत पाळली. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला एक दिवस बंद परवडतो, तर आपल्या बाजारपेठेलाही परवडेल.

आणि खरेदीवाचून सण फिका पडतो असेही नाही. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला गोंड मंडळींची दिवाळीतली दंडारी पाहा. मोरपिसांचे मुकुट चढवून गुसाडी नाचतात, एका गावचे लोक दुसऱ्या गावी पाहुणे होऊन जातात. माणसांनी माणसांकडे जाणे, हाच तिथे सण.

तेव्हा करण्याजोगे काय आहे? गावच्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून भाऊबीजेचा बंद आणि रात्रीची एक वेळ ठरवावी. प्रत्येक दुकानात नोकरासाठी एक स्टूल असावे. शिक्षकांनी मुलांना आपल्या ओळखीच्या दुकानातल्या नोकराचे सणातले तास मोजायला सांगावे. गणिताचा आणि नागरिकशास्त्राचा धडा एकाच वेळी होईल. आणि आपण गिऱ्हाइकांनी, हाती पैसा असेल तर, वसुबारसेच्या आत खरेदी उरकावी, दार ओढायच्या वेळी आत शिरू नये. कुठल्याशा घरात ओवाळणीचे ताट तयार ठेवून एक बहीण वाट पाहत असते. तिचा भाऊ तुमच्याचसाठी लुगडी उलगडत उभा असू शकतो.